निरोगी माणसाची संमती



या व्याख्यानमालेच्या मंडळानं दिलेला विषय आहे ‘रोगप्रतिबंध की रोगोपचार?’ कार्यक्रमपत्रिकेवर त्यापुढे प्रश्नचिन्ह छापलं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर इथल्या प्रत्येकानं शाळेतच पाठ केलेलं आहे. उपचारापेक्षा प्रतिबंध बरा, असं निबंधात लिहून आपण सगळ्यांनी मार्क मिळवले आहेत. आत्ता हात वर करायला सांगितलं तर उपचाराच्या बाजूनं एकही हात वर होणार नाही. आणि तरी बसस्टँडपासून या सभागृहापर्यंतचा रस्ता आठवा. हॉस्पिटलं, लॅब, मेडिकल स्टोअर यांच्या पाट्या एकीला लागून एक आहेत, आणि त्यांच्याच पायाशी गटार उघडं वाहतं आहे. एकमत एका बाजूला आहे आणि पैसा, मान, कर्तबगारी दुसऱ्या बाजूला.

असं का होतं, याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. लोक अज्ञानी आहेत, हे एक. सरकारला आस्था नाही, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. पण ती उत्तरं देणारा स्वतः बहुधा डॉक्टर किंवा अधिकारी असतो, आणि दोष नेहमी दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळा होतो. माझं उत्तर थोडं वेगळं आहे.

आजारी माणूस डॉक्टरकडे आपण होऊन येतो. दुखतं आहे, श्वास लागतो आहे, पोर आचके देतं आहे, म्हणून येतो. त्याची गरजच त्याला आणते. डॉक्टर तुसडा असला, दवाखान्यात बसायला जागा नसली, तरी तो येतो. प्रतिबंधाचं गणित उलटं आहे. तिथं आपण निरोगी माणसाच्या दारात जातो, न बोलावता. त्याचं काहीही दुखत नसताना सुई टोचून घ्या म्हणतो, तंबाखू सोडा म्हणतो, कपडे काढून तपासणीला झोपा म्हणतो. त्यानं ‘मला काय झालंय?’ असं विचारलं तर तो प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी रास्त आहे. त्याला होकार द्यायला लावणारी एकच गोष्ट आपल्यापाशी असते, आणि ती म्हणजे त्याचा आपल्यावरचा विश्वास. हा विश्वास भिंतीवरच्या घोषवाक्यांनी तयार होत नाही. तो बहुतेक वेळा उपचारातून तयार होतो, कारण आपण खरोखर त्याच्या उपयोगी पडतो की नाही हे माणूस आजारपणातच पारखून घेतो. म्हणून ‘प्रतिबंध की उपचार’ ही निवड खोटी आहे. उपचाराची साथ सोडलेला प्रतिबंध एक तर कागदावर राहतो किंवा जुलूम होतो. हे मला आपल्या महाराष्ट्राच्याच सव्वाशे वर्षांतून दाखवायचं आहे.

सुरुवात प्लेगपासून करू. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. हा प्लेग आहे, हे त्यांनी वेळीच सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला योग्य वाटतील ते नियम करता येतील आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल, एवढाच त्याचा अर्थ. हाच कायदा 2020 च्या मार्चमध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर काढला गेला, यावरून त्याची चिकाटी कळते.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेग कमिटी आली. गोरे सोल्जर घरोघरी शिरले. माजघरं, देवघरं, कोठारं तपासली गेली, बायकांची तपासणी झाली, रोगी हॉस्पिटलात आणि त्यांची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात नेली गेली, सामान जाळलं गेलं. 22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इथपर्यंतचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, पण तो आपण राजकीय इतिहास म्हणून वाचतो. तोच आरोग्याचा इतिहास म्हणून वाचून पाहा.

एका सरकारनं पूर्ण ताकदीनिशी रोगप्रतिबंध करायचं ठरवलं होतं. रोगी वेगळा काढा, घर निर्जंतुक करा, ही तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे मूर्खपणाची कल्पना नव्हती. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसांत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत 1898 साली दाखवलं, आणि वैद्यकीय जगानं ते मान्य करायला आणखी काही वर्षं घेतली. म्हणजे 1897 चा सोल्जर ज्या घरात शिरला तिथं माणसं शोधत होता, आणि रोग छपरातून नि जमिनीखालून शेजारच्या घरात चालला होता. औषध तर कुणाकडेच नव्हतं. हॉस्पिटलात नेलेल्यांपैकी बरे होऊन परतणारे थोडे. अशा वेळी घरच्या माणसानं रोग्याला लपवलं, मेलेल्याला रातोरात पोचवलं, तर तो अडाणीपणा कसा? ज्या घराला हाती लागण्यातून काहीच मिळणार नव्हतं आणि गमवायचं मात्र खूप होतं, त्या घरानं केलेला तो हिशेब होता. आणि रोगी लपले की प्रतिबंध आंधळा होतो. कुठे किती रोगी आहेत ही माहिती म्हणजे त्याचे डोळे, आणि ते लोकांच्याच हातात असतात.

त्याच महिन्यांत पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला, डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथं स्वतः रोग्यांना आणत आणि त्यांची सेवा करत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, आणि त्या धावपळीतच त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. यशवंतरावांच्या दवाखान्यातही प्लेगवर औषध नव्हतंच. रँडच्या कमिटीपाशी जे शास्त्र होतं त्याहून वेगळं शास्त्र तिथं नव्हतं. फरक एवढाच की एके ठिकाणी रोगी म्हणजे शहराला असलेला धोका होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो आजारी माणूस होता. रोगी शहरापासून वेगळा होण्याचं काम दोन्हीकडे सारखंच होत होतं. पण एका ठिकाणाहून तो पळत होता, दुसऱ्या ठिकाणी त्याला उचलून आणलं जात होतं.

लशीची गोष्टही याच वर्षीची आहे. वाल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे शास्त्रज्ञ 1896 च्या ऑक्टोबरात मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या अर्कानं भरलेल्या चंबूंत त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप अर्कावर तरंगे, आणि त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबणाऱ्या तंतूंसारखे वाढत. ते जंतू उष्णतेनं मारून त्यांनी लस केली, आणि 10 जानेवारी 1897 ला पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 साली थाटलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 पासून त्यांचंच नाव आहे.

मग 1902 साली, 30 ऑक्टोबरला, पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वातानं दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना बाजूला व्हावं लागलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुराव्यात होतं, तरीही. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी त्यांची बाजू जाहीरपणे घेतली, आणि त्यांच्यावरचा डाग पुसला जायला 1907 साल उजाडलं.

प्लेगनं पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्या आकड्यापुढे 19 हा आकडा किती लहान, असं इथं बसलेल्या कुणाच्या मनात आलं असेल. मला हा युक्तिवाद पटत नाही. प्लेगच्या रोग्यावर उपचार करताना तो दगावला, तर त्याच्या घरचे डॉक्टरला क्षमा करतात, कारण मरण आधीच दारात आलेलं होतं. मुल्कोवालची ती 19 माणसं धडधाकट होती. त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्यांना सांगितलं गेलं म्हणून त्यांनी दंड पुढे केला. निरोग्यावर हात टाकणाऱ्याला रोग्यावर हात टाकणाऱ्याहून कडक नियम लागू व्हायला हवेत. सुरक्षिततेचे, माहिती देण्याचे, आणि काही बिघडलंच तर त्याची जबाबदारी उघडपणे घेण्याचे. ‘बहुसंख्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द म्हणून हे नियम ढिले करता येत नाहीत.

आता सुमारे सत्तर वर्षं ओलांडून जामखेडला येऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं 1970 साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. दोघं वेल्लोरला शिकलेली, सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण अमेरिकेत घेतलेली. रोग होऊ द्यायचे नाहीत, या विचारानं ती आली होती. पण लोकांना दवाखाना हवा होता. अडलेली बाळंतीण, फुटलेलं डोकं, विंचू चावलेला माणूस हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते. आरोळेंनी दवाखाना चालवला आणि त्या दारातून गावात प्रवेश मिळवला. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. तेव्हा लोकांनी पाणी मागितलं, पोरांसाठी खाणं मागितलं, आणि आरोग्याच्या कामाची सुरुवात विहिरी-बोअरवेल आणि कम्युनिटी किचन इथून झाली.

गावात राहून काम करायला आधी शिकलेल्या नर्स पाठवल्या गेल्या. त्या परक्या पडल्या. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि परत जात. अंगठा उठवणारी बाई गावाला आरोग्य शिकवते, हे तेव्हा डॉक्टरमंडळींना हास्यास्पद वाटलं. सुरुवातीला त्या गावांत हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या घरात बाळं वर्षाच्या आत जात होती. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण कोसळलं. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरच्या मोजक्या प्रयोगांची ओळख करून देणारं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी अल्मा-आताच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता.

या बायकांचं बळ कशात होतं? त्या गावच्याच होत्या, हे तर आहेच. पण त्या रिकाम्या हातानं उपदेश करत नव्हत्या. त्यांच्याजवळ थोडी औषधं होती, बाळंतपण करण्याचं कसब होतं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं तर ज्याच्या दारात जायचं असं मागे हॉस्पिटल होतं. ‘पोराला हे खाऊ घाल’ असं सांगणारी बाई रात्री बारा वाजता तापलेल्या पोराजवळ येऊन बसते, म्हणून तिचं दिवसाचं बोलणं ऐकलं जातं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमाराला ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली, तेव्हा शंभरातल्या 92 जणींना एखादा तरी स्त्रीरोग निघाला. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या काळी सरकारी आरोग्ययंत्रणेला खेड्यातल्या बाईच्या शरीरात फार तर दोन गोष्टींसाठी रस होता, बाळंतपण आणि नसबंदी. तिला वर्षानुवर्षं काय सोसावं लागतं हे कुणी विचारलंच नव्हतं. ज्या यंत्रणेनं तिचं दुखणं कधी ऐकलं नाही, तिच्या ‘कुटुंब लहान ठेवा’ या सल्ल्याला त्या बाईनं का मान द्यावा?

पुढे बंग दाम्पत्यानं 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातली थोडं शिकलेली बाई, म्हणजे आरोग्यदूत, बाळ जन्मल्यावर ठरलेल्या दिवशी घरी जाई. वजन करी, ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं ते दाखवी. आणि बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची खूण दिसली, तर आई-बापांना विचारून ती स्वतः त्याला जेंटामायसिनचं इंजेक्शन देई. खेड्यातली बाई महिन्याभराच्या आतल्या बाळाला सुई देते, यावर टीका झाली नसती तरच नवल. पण तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, या गावांतले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. 1999 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात, त्याचं मूळ इथं आहे.

या प्रयोगाकडे नीट पाहा. वजन करणं आणि ऊब देणं हा प्रतिबंध. इंजेक्शन हा उपचार. पिशवी एक, बाई एक, खाटेवरची बाळंतीण एक. सरकारी फायलीत या दोन गोष्टींची खाती वेगळी असतात; त्या झोपडीत ती वेगळी करता येत नाहीत.

हेच मी मराठवाड्यातल्या एका अंगणवाडीत पाहिलं. लसीकरणाचा दिवस होता. नर्सताईंची लशींची निळी पेटी टेबलावर, बर्फाच्या थैल्यांवर पाण्याचे थेंब, भिंतीला टेकून आशाताई यादी घेऊन उभ्या. एक आजी नातवाला कडेवर घेऊन दारातच थांबल्या, आत येईनात. मागच्या खेपेला पोराला रात्रभर ताप आला होता आणि सुनेचा सोयाबीन काढणीचा रोज बुडाला होता. आशाताईंनी समजावलं, नर्सताईंनी समजावलं. आजी म्हणाल्या, ‘पोराचं ऱ्हाऊ द्या. माज्या गुडघ्याला काय हाय का तुमच्याकडं?’ लसीकरणाच्या दिवशी गुडघेदुखी पाहणं नर्सताईंच्या कामात बसत नव्हतं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आजींना बसवलं, गुडघा दाबून पाहिला, सूज कधीपासून ते विचारलं, पिशवीतल्या चार गोळ्या दिल्या आणि सोमवारी आरोग्यकेंद्रात डॉक्टर असतात, चिठ्ठी देते, या, म्हणाल्या. मग पोराच्या तापाचं औषध किती आणि कधी द्यायचं ते सांगून, बाटलीच्या झाकणावर पेनानं खूण करून दिली. आजींनी काही न बोलता नातवाची चड्डी सरकवून मांडी पुढे केली. मासिक अहवालात त्या दिवशी एका लशीची नोंद झाली. गुडघ्यासाठी रकानाच नव्हता.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची गोष्टही आपल्या जवळचीच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 साली ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. नोंदी करणारे कार्यकर्ते गावोगाव जात, कुठल्या खुणा दिसल्या तर दुखणं अंगावर काढू नये ते सांगत. काही वर्षांत दिसलं की या भागातल्या बायका रोगाच्या आधीच्या अवस्थेत हॉस्पिटलात येऊ लागल्या आहेत. कुठलंही नवं यंत्र आलं नव्हतं. पण सांगणारा ओळखीचा होता, आणि जायला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय बार्शीतच होतं.

त्याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक निरोगी बायका त्यात होत्या. त्यांचे चार गट केले गेले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केली. दुसऱ्याची पॅप तपासणी झाली. तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगारमधलंच द्रव्य, लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. 2009 साली निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगानं 34 बायका गेल्या होत्या, चौथ्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणी न केलेल्या गटातल्या बायकांचं काय, असा नैतिक प्रश्नही पुढे विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. मी मघाशी म्हटलेल्या कडक नियमांतलाच तो प्रश्न आहे.

एचपीव्हीच्या लशीनं तर हा धडा पुन्हा एकदा गिरवून घेतला. 2009-10 मध्ये आंध्र आणि गुजरातेत या लशीचा एक प्रायोगिक उपक्रम राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. ते मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही. पण दुसरंच काही निघालं. आश्रमशाळांतल्या, वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर आई-बापांऐवजी वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. उपक्रम थांबला, 2013 साली संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले, आणि या लशीचं नाव देशात कित्येक वर्षं संशयानं घेतलं गेलं.

याच गोंधळात एक विलक्षण गोष्ट घडली. लशीचे दोन डोस पुरतात की तीन हवेत, हे पाहणारा एक वेगळा अभ्यास देशातल्या अनेक केंद्रांत चालू होता. बार्शी त्यांपैकी एक. 2010 साली सगळंच थांबवण्यात आल्यानं हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं त्यांची तपासणी केली. एका डोसचं संरक्षणही जवळपास तेवढंच टिकतं, असं दिसलं. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात या मुलींचा वाटा मोठा आहे. दहा वर्षांनंतरही त्या मुली आणि त्यांची घरं तपासणीला येत राहिली, हे मला त्या निष्कर्षाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप मीच मांडतो. नळाच्या शुद्ध पाण्याला कुणाची संमती लागते? मुंबईला 1860 साली विहार तलावाचं पाणी मिळालं, तेव्हा घरोघरी जाऊन कुणी मन वळवत बसलं नव्हतं. गटारं बांधा, पाणी शुद्ध करा, मिठात आयोडीन घाला, गुटख्यावर बंदी आणा. माणसाची सवय बदलायला न जाता त्याच्या भोवतालचं जग बदला. आक्षेप बरोबर आहे, आणि प्रतिबंधाचा सर्वांत मोठा लाभ याच वाटेनं झाला आहे. जेफ्री रोझ या इंग्रज साथरोगतज्ज्ञानं दाखवून दिलं की समाजाला मोठा फायदा करून देणारा उपाय एकेका माणसाला फारच थोडं देतो. मग एकेकाचं मन वळवत बसण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच करावं, हे ओघानंच आलं.

पण ही वाटही लोकांना वगळून जात नाही. प्लेगनंतर 1898 साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, हा हेतू. रस्ते झाले, आजही आपण त्यांवरून जातो. पण ज्यांची घरं पडली त्यांतले कित्येक जण शेजारच्याच, आधीच खच्चून भरलेल्या चाळींत शिरले. हवा एका गल्लीत खेळली आणि दुसरीत कोंडली. ज्याच्या घरावरून रस्ता जायचा त्याचं काय, हे न विचारता केलेला प्रतिबंध रोगाला फक्त हलवतो. आणि गुटखाबंदीचं म्हणाल, तर 2012 पासून राज्यात ती आहे. आजूबाजूच्या टपऱ्यांवर काय मिळतं ते मी सांगायला नको. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती गावागावांतल्या बायकांनी लढून आणलेली होती, म्हणून ती मोडायला निघालेल्यांशी तीन दशकं झगडणारं कुणीतरी तिथं उभं राहिलं. कायदा मुंबईत होतो; राखावा लागतो गावात.

आणि मुळात ही सीमारेषा आता कुठे शिल्लक आहे? या सभागृहात निम्म्या जणांच्या खिशात किंवा पर्समध्ये रक्तदाबाची गोळी असेल. ती उपचार आहे की प्रतिबंध? आज तुमचं काही दुखत नाही. ती गोळी उद्याचा पक्षाघात टाळण्यासाठी आहे. मग सरकारी तिजोरीकडे पाहा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं आहे की आरोग्यावरच्या सरकारी खर्चाचा दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग प्राथमिक सेवेवर व्हावा. दुसरीकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या खर्चाला हात देतात. अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं, आणि गरिबाचं घर कर्जातून वाचतं. या योजनांना मी नावं ठेवणार नाही. दारात मरण असलेल्या माणसाला ‘तू वीस वर्षांपूर्वी मीठ कमी खायला हवं होतंस’ असं सांगायला मी धजणार नाही. पण ज्या माणसाच्या अँजिओप्लास्टीला लाखभर रुपये मिळतात, त्याच माणसाला उपकेंद्रात गोळ्यांची पाकिटं संपलीत म्हणून तीन महिने परत पाठवलं जातं, तेव्हा तो गोळ्या सोडतो. सोडतो म्हणण्यापेक्षा, आपण त्याच्या हातून सोडवतो.

तर मग करायचं काय? आपल्या तालुक्यापुरतं बोलतो. पहिलं, उपकेंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या वर्षाचे बारा महिने असल्या पाहिजेत आणि किती शिल्लक आहेत ते बाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं, तपासणीचं शिबिर घ्यायचं तर पुढच्या उपचाराची सोय ठरवून मगच. मंडळं, क्लब, पक्ष मोठ्या हौसेनं शिबिरं घेतात. डाग निघालेल्या बाईला ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हणून घरी पाठवतात. ती बाई पुन्हा कधी कुठल्या शिबिराला येणार नाही, आणि तिच्या जावाही येणार नाहीत. तिसरं, ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत आरोग्याचा विषय निघाला की किती लोक बरे झाले याच्याबरोबर हेही विचारा, की निरोगी असताना किती लोकांनी या दवाखान्याची पायरी चढली.

आणि शेवटचं. निरोगी माणसाचा होकार मिळवणं हे या साऱ्या व्यवहारातलं सर्वांत अवघड काम आहे, हे मी तासभर सांगत आलो. हे काम आपण कोणावर सोपवलं आहे? आशाताईंवर. त्यांना आपण कर्मचारी म्हणतसुद्धा नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणतो. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तो वेळेवर मिळावा यासाठी त्यांना संपावर जावं लागतं. हृदयाची झडप बदलणाऱ्या सर्जनला समाजानं मान आणि पैसा द्यावा, त्यात गैर काही नाही. पण प्रतिबंध श्रेष्ठ आहे असं आपण खरोखर मानत असू, तर तो मान्य करून घेण्यासाठी दारोदार जाणाऱ्या बाईला मिळणाऱ्या पैशात ते दिसलं पाहिजे. तोपर्यंत आपण उपचाराच्याच बाजूचे आहोत, तोंडानं काहीही म्हणत असलो तरी.